वाचकांचे प्रश्न : स्कीइंग, मद्य आणि प्रवास विमा

प्रश्न : येत्या फेब्रुवारीत आम्ही चार मित्र सपत्नीक ऑस्ट्रियातील सांक्ट आंटोन येथे आठवडाभर स्कीइंगसाठी जाणार आहोत. शेंगेन व्हिसासाठी लागतो तो ३०,००० युरोंचा प्रवास विमा काढून झाला आहे. आमचे एजंट म्हणतात की, मद्य घेतलेले असताना अपघात झाला तर छदामही मिळणार नाही. आमच्यातला एक जण, जो यापूर्वी दोनदा तिकडे जाऊन आला आहे, म्हणतो की दुपारी गरम वाइन सगळेच घेतात, कोणी मोजत बसत नाही. खरे कोणाचे मानायचे? आणि संध्याकाळी चालत हॉटेलवर परतताना पाय घसरला, तर तेही यातच धरतात का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मद्याकडे वळण्याआधी एक गोष्ट आजच तपासून घ्या. तुमच्या पॉलिसीत स्कीइंग मुळात समाविष्ट आहे का? ३०,००० युरो ही व्हिसासाठी ठरवलेली किमान रक्कम आहे आणि तेवढ्यावर वकिलातीचे समाधान होते, पण आपल्याकडच्या कित्येक परदेश प्रवास पॉलिसींत हिवाळी व साहसी खेळ वगळलेले असतात आणि जादा हप्ता भरल्याशिवाय ते आत येत नाहीत. तसे असेल, तर आयुष्यात थेंबही न घेतलेल्या माणसाचा पाय मोडला तरी दावा उभा राहणार नाही. आखलेल्या मार्गाबाहेरचे स्कीइंग, डोंगरावरून सुटका आणि हेलिकॉप्टर, तसेच दुसऱ्याला इजा झाल्यास येणारे दायित्व, या तिन्हींविषयी पॉलिसीत काय लिहिले आहे, तेही पाहा. हेलिकॉप्टरचे बिल हजारो युरोंच्या घरात जाते.

आता मद्य. आपल्याकडच्या पॉलिसींत बहुधा ‘मद्याच्या अमलाखाली असताना’ झालेली इजा वगळलेली असते आणि अंमल म्हणजे नेमका किती, याचा आकडा दिलेला नसतो. त्यामुळे एजंटांनी तुम्हाला सावध केले हे योग्यच झाले, मात्र त्यांचे विधान गरजेपेक्षा सरसकट आहे. मद्य घेतलेले असणे, त्याच्या अमलाखाली असणे आणि त्या अमलामुळे अपघात होणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पॉलिसीतले कलम यांपैकी कोणती गोष्ट पुरेशी मानते, हे शब्दशः वाचावे लागते. अपवादाचे कलम लागू होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीची असते, हे तत्त्व आपल्या न्यायालयांत रुजलेले आहे.

म्हणून निर्धास्त मात्र राहू नये. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या मोटार विम्याच्या प्रकरणात, रक्ताची किंवा श्वासाची तपासणी झालेली नसली तरी भोवतालच्या परिस्थितीवरून चालक मद्याच्या अमलाखाली होता हे कंपनी दाखवू शकते, असे म्हटले आणि निकाल कंपनीच्या बाजूने दिला. ते प्रकरण रस्त्यावरचे होते, पण बर्फावरच्या अपघातातही कंपनीचा वकील याच वाटेने जाणार, हे उघड आहे. तेव्हा ‘कोणी मोजत नाही’ या तुमच्या मित्राच्या भरवशात फारसा अर्थ उरत नाही.

अशा वेळी परिस्थितीचा पुरावा येतो तो रुग्णालयाच्या पहिल्या कागदावरून. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने मला नाकारलेल्या दाव्याची फाइल दाखवली होती. चार पानांच्या जर्मन अहवालात मनगटाच्या हाडाचे सविस्तर वर्णन होते आणि पहिल्याच पानावर एका ओळीत ‘आल्कोहोलगेरुख’, म्हणजे मद्याचा वास, एवढा एकच शब्द होता. कंपनीच्या पत्राचा सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा होता. प्रमाण नोंदवलेले नव्हते, तपासणी झालेली नव्हती आणि मागून येणाऱ्या माणसाने धडक दिल्याची नोंद त्याच अहवालात पुढे होती. अशा नाकारणीविरुद्ध दाद मागता येते आणि मागायलाच हवी. तरीही, दाव्याच्या भीतीने डॉक्टरांपासून काही लपवू नका. भूल देताना त्यांना खरे माहीत असणे अत्यावश्यक असते, शिवाय डोक्याला मार लागल्याची लक्षणे आणि नशेची लक्षणे पुष्कळदा एकसारखी दिसतात. पैशांपेक्षा जीव मोठा, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

तुम्ही निवडलेल्या गावाची रचनाही ध्यानात घ्या. सांक्ट आंटोनमधील दुपारनंतरचे नावाजलेले अड्डे गावाच्या वरच्या अंगाला, थेट उतारावर आहेत. तिथे पेले रिकामे होतात आणि मग शेवटचा टप्पा स्कीवरूनच उतरावा लागतो. दिवसभर शेकडो जणांनी उकरलेला, दुपारच्या उन्हात भुसभुशीत झालेला बर्फ सूर्य कलताच गोठू लागतो, प्रकाश सपाट होतो आणि उंचवटे दिसेनासे होतात. नेमक्या त्या वेळी पोटात यागरटे असतो. काळ्या चहात कडक रम घालून तो वाफाळता देतात, गोडव्यामुळे त्याची धार जिभेला कळत नाही. मद्याने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात म्हणून ऊब आल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात शरीरातली उष्णता बाहेर निघून जात असते. माझे मत स्पष्ट आहे : स्की पायांत असेपर्यंत पेला हातात घेऊ नये. वरती बसायचेच असेल, तर केबलकार चालू असेपर्यंत तिने खाली यावे.

सीमेपलीकडे इटलीत जाण्याचा विचार असेल, तर तिथे मोजतात. २०२२ च्या आरंभापासून लागू झालेल्या कायद्याने तिथे मद्याच्या अमलाखाली स्कीइंग करण्यास बंदी आहे, रक्तातील मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा दायित्व विमा प्रत्येक स्कीअरला सक्तीचा आहे.

संध्याकाळच्या पायवाटेविषयी तुम्ही विचारले ते बरे केले, कारण हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मद्याचे कलम सामान्यतः संपूर्ण प्रवासाला लागू असते, केवळ खेळाला नव्हे. त्यामुळे हॉटेलच्या पायरीवर घसरलात तरी कंपनी त्याच कलमाकडे बोट दाखवू शकते. रात्री एकट्याने परतू नका. उणे तापमानात पडून राहिलेल्या माणसाला हाड मोडल्यापेक्षा थंडीचा धोका मोठा असतो.

निघण्यापूर्वी कंपनीला ईमेल करून दोन प्रश्न लेखी विचारा : स्कीइंग समाविष्ट आहे का, आणि मद्याविषयीचे कलम कोणत्या शब्दांत आहे. एजंटांचे तोंडी उत्तर पुढे उपयोगी पडत नाही. दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिने ती फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, वकीलही लागत नाही आणि तुमच्यासाठी पुण्यातच कार्यालय आहे.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. जीएचआयसी कार्ड (ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना युरोपात सरकारी उपचार मिळवून देणारे कार्ड) असताना स्कीइंगसाठी वेगळा विमा हवा का? आणि मद्याचा नियम इथल्या पॉलिसीतही तसाच असतो का?
— एक वाचक, स्लाउ

उत्तर : वेगळा विमा हवाच. त्या कार्डावर सरकारी रुग्णालयातील आवश्यक उपचार मिळतात, डोंगरावरून सुटका किंवा मायदेशी परत आणण्याचा खर्च मिळत नाही. ब्रिटिश पॉलिसींत बहुधा ‘अतिरिक्त’ मद्यपान वगळलेले असते आणि काहींत रक्तातील ०.१९ टक्के, म्हणजे लिटरला सुमारे १.९ ग्रॅम, असा आकडाही दिलेला असतो. हा आकडा इटलीच्या मर्यादेच्या जवळजवळ चौपट आहे, त्यामुळे पॉलिसीत बसणारे मद्यपान उतारावर कायद्यात बसेलच असे नाही. दावा नाकारल्यास कंपनीकडे तक्रार करा, आठ आठवडे वाट पाहा आणि तिचे अंतिम उत्तर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस या तिथल्या लोकपाल संस्थेकडे प्रकरण न्या.