सोसायटीत पिटबुल आला आहे; मुलांना धोका आहे का?

तुम्ही विचारले आहे की, गंगापूर रस्त्यावरील तुमच्या सोसायटीत नव्याने आलेल्या कुटुंबाने पिटबुल पाळला आहे, या जातीवर बंदी असूनही कमिटी गप्प आहे, तर मुलांना त्याच लिफ्टने न्यावे की नाही. मी नाशिकलाच, इंदिरानगरमध्ये राहतो आणि बरीच वर्षे घरी कुत्री पाळतो. त्यामुळे माझे मत थोडे कुत्र्यांकडे झुकलेले असणार, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

बंदीचे म्हणाल तर, १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने राज्यांना पत्रक पाठवून पिटबुल, रॉटवायलर, तोसा इनू आदी २३ जातींची आयात, पैदास व विक्री थांबवण्यास आणि आधीपासून पाळलेल्यांची नसबंदी करण्यास सांगितले होते. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढल्याचा आक्षेप घेतला गेला आणि एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक व दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केले. म्हणजे निव्वळ त्या पत्रकावर बोट ठेवून कमिटीला काही करता येणार नाही.

आता धोक्याविषयी. अमेरिकेतील १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकेका कुत्र्याच्या वागण्यातील फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे पडतो, असे दिसले. मात्र यावरून सगळे कुत्रे सारखेच, असा निष्कर्ष काढणाऱ्या श्वानप्रेमींशी माझे पटत नाही. कुत्रा चावेल की नाही हे जातीवरून फारसे कळत नसले, तरी चावलाच तर काय होईल हे त्याच्या वजनावर आणि ताकदीवर ठरते, आणि ती बऱ्याच अंशी जातीतूनच येते. पिटबुलचा जबडा कुलुपासारखा अडकतो ही दंतकथा आहे. पण एकदा पकडले की सोडायचे नाही, ही खोड त्याच्या झुंजीसाठी झालेल्या पैदाशीतून आली आहे. जुलै २०२२ मध्ये लखनौला एका वृद्धेचा घरच्याच पिटबुलने जीव घेतला, हे विसरून चालणार नाही.

तरीही आपली भीती नेमकी कुठे चुकते, हे मला माझ्याच घरात कळले. सातपूरला बहिणीकडे लॅब्राडोर आहे. तो जेवत असताना भाच्याने भांड्यात हात घातला आणि त्याने मनगटाला चावा घेतला. तीन टाके पडले. 'जेवताना कशाला छेडायचे?' असे म्हणून सगळ्यांनी पोरालाच दटावले. तोच चावा पिटबुलचा असता, तर भांड्याचा विषय कोणी काढलाच नसता; 'ती जातच तसली' एवढ्यावर निकाल लागला असता. एका जातीच्या चाव्याला कारण असते आणि दुसरीच्या चाव्याला फक्त जात असते, असा आपला हिशेब आहे.

म्हणून मालकाला जात नव्हे, तर इतर गोष्टी विचाराव्यात: रेबीजची लस कधी दिली, नसबंदी झाली आहे का, कुत्रा दिवसभर बाल्कनीत साखळीला तर नसतो ना, आणि मुख्य म्हणजे त्याला बाहेर कोण नेते. घरकामाच्या मावशींच्या किंवा बारा वर्षांच्या मुलाच्या हाती पट्टा दिसला, तर लगेच लेखी तक्रार करा. पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि हे कलम लॅब्राडोरच्या मालकालाही लागू आहे. कोणताही कुत्रा चावला, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी.

लिफ्टपुरते सांगायचे तर, कुत्रा आत असेल तर मुलांना घेऊन पुढच्या फेरीला जा. बंद जागेत पट्टा आवळलेला असला, तरी कुत्र्याला मागे सरकायला जागा नसते. मी माझ्या साध्या गावठी कुत्रीलाही जिन्यानेच खाली नेतो.