दुसरी भाकरी मागायला दारात थांबणारा पोरगा

पत्र : मी छत्तीस वर्षांची, दापोली तालुक्यातली. नवरा कुवेतला असतो. दोन वर्षांपूर्वी धाकटे दीर अपघातात गेले. जावेचं दुसरं लग्न झालं आणि त्यांचा एकुलता मुलगा, आता नऊ वर्षांचा, आमच्याकडेच राहिला. सासूबाई आहेत, सासरे नाहीत. त्याला मी कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. पण सुरमईचा मधला तुकडा माझ्या मुलाच्या ताटात जातो आणि त्याचे जुने बूट पुतण्याच्या पायात. दुसरी भाकरी हवी असली की तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो. मागत नाही. रमजानमध्ये बायकांच्या इज्तिमात, म्हणजे धार्मिक बैठकीत, ‘अरअयतल्लजी’ने सुरू होणाऱ्या कुरआनातल्या सूरहचा, म्हणजे अध्यायाचा, अर्थ ऐकला. सूरह लहानपणापासून पाठ, अर्थ पहिल्यांदाच कळला. तेव्हापासून नमाजात ती आली की जीभ अडकते. माझी नमाज फुकट जाते आहे का? ही सूरह पढायची सोडून देऊ का? दिरांच्या कंपनीकडून आलेले पैसे माझ्या नवऱ्याच्या खात्यात आहेत. त्याबद्दल विचारलं तर ते म्हणतात, तू जास्त विचार करू नकोस.
— एक चाची

उत्तर : बेटा, आपण सगळ्यांनी अम्मा पारा, कुरआनचा शेवटचा भाग, असाच पाठ केला. सकाळी मदरशात, मागेपुढे झुलत, शेजारणीच्या ओढणीशी खेळत. सात आयतींची, म्हणजे सात वचनांची, ही सूरह अल-माऊन लहान म्हणून लवकर पाठ व्हायची आणि घाईच्या नमाजात कामाला यायची. तू ती पढताना अडखळलीस, याची मला काळजी वाटत नाही. मी तीस वर्षं न अडखळता पढले, त्याची वाटते.

आधी तुझी भीती. ‘फवैलुल्लिल मुसल्लीन’, नमाज पढणाऱ्यांचा नाश असो, एवढंच ऐकून तू थांबलीस. पुढची आयत त्यालाच जोडून आहे : जे आपल्या नमाजीबद्दल गाफील आहेत. तिथे शब्द आहे ‘अन् सलातिहिम’, नमाजी‘बद्दल’. ‘अन्’ऐवजी ‘फी’ असतं तर अर्थ झाला असता नमाजी‘मध्ये’. जुन्या भाष्यकारांनी या एका अक्षरासाठी अल्लाहचे आभार मानलेत, कारण नमाजीत मन भरकटत नाही असा माणूस कुठे सापडायचा? इथे बोट आहे ते नमाज कशासाठी हेच विसरलेल्यावर, लोकांना दिसावी म्हणून पढणाऱ्यावर. तुला तर त्या पोराचा चेहरा मुसल्ल्यावर, नमाजीच्या चटईवर, दिसतो. याला गाफील कसं म्हणू?

पण म्हणून तुला मोकळं सोडत नाही. दुसऱ्या आयतीत अनाथाला ढकलण्यासाठी जो शब्द आहे, ‘यदुअ्उ’, तो जोराच्या धक्क्याचा आहे. तू तसा धक्का दिला नाहीस, खरं. सूरह मात्र तिथे थांबत नाही. ती शेवटी येते ‘माऊन’ न देणाऱ्यांवर, आणि माऊन म्हणजे काय? काहींनी त्याचा अर्थ जकात, म्हणजे धर्माने बंधनकारक केलेलं दान, असा केला. पैगंबरांचे सोबती अब्दुल्लाह इब्न मसऊद मात्र सांगतात की पैगंबरांच्या काळात आम्ही माऊन म्हणजे बादली आणि हंडी उसनी देणं समजत असू. बादली आणि हंडी! एवढ्या मोठ्या वाक्याचा शेवट भांड्यांच्या फळीवर. माझ्या आजीची नारळ खवायची विळी आळीत फिरत असायची, घरी कमीच. तिला अरबीचा एक शब्द कळत नव्हता, पण विळी परत कधी येणार असं तिने कुणाला विचारलं नाही.

तुझी चूक याच मापाची आहे. माशाचा तुकडा, बूट, भाकरी. आणि ती दुरुस्तही इथेच होईल, इज्तिमात रडून नाही. उद्यापासून त्याच्या ताटात दोन भाकऱ्या आधीच वाढ. दारात उभं राहायची वेळच येऊ देऊ नकोस. तुकड्याची पाळी लाव, आज याला, उद्या त्याला. आणि हे का चाललंय ते त्याला सांगत बसू नकोस. ‘तुझ्यासाठी मी बदलले’ हे वाक्य नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर नवं ओझं होईल, आणि दिखाव्याबद्दलची सहावी आयत तुला पुन्हा अडवेल. एकदम लाडही नकोत. तुझा मुलगा बिथरेल आणि त्याचा राग पुतण्यावर निघेल. आईशी त्याचं फोनवर बोलणं होतं का, हे तू लिहिलं नाहीस. होत नसेल तर सुरू कर. तिने लग्न केलं, गुन्हा नाही.

आता पैसे. इथे तुझ्या नवऱ्याचं मला पटत नाही. सूरह निसाची दहावी आयत सांगते की अनाथांचा माल अन्यायाने खाणारे पोटात आग भरतात. ते पैसे दिरांची मिळकत असतील तर शरीयतीप्रमाणे वाटे ठरलेले आहेत : सासूबाईंचा सहावा, जावेचा आठवा, उरलेले मुलाचे. जावेने दुसरं लग्न केलं म्हणून तिचा आठवा हिस्सा जात नाही. शिवाय आपल्याकडच्या मुस्लिम कायद्यात चुलता हा अनाथाच्या मालमत्तेचा आपोआप पालक होत नाही. त्यासाठी 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली कोर्टात जावं लागतं. नवरा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. एका खात्यात मिसळलेले पैसे दहा वर्षांनी कुणाचे होते हे कुणाला आठवत नाही, एवढंच. त्यांना म्हण, कंपनीचे कागद फोनवर पाठवा आणि रक्कम वेगळी काढा. नंतर वकिलाला दाखवा. भांडण करू नकोस, पण गप्पही बसू नकोस. तिसरी आयत गरिबाला न जेवू घालणाऱ्याबद्दल नाही, त्याला जेवू घाला असा आग्रह न धरणाऱ्याबद्दल आहे. तुझ्या हातात पैसा नसेल, आग्रह आहे.

एक गोष्ट तुला सांगायचीच होती. आपले पैगंबर जन्माआधीच बापाविना झाले, सहाव्या वर्षी आई गेली, मग आजोबाही गेले. वाढले ते चुलत्याच्या, अबू तालिब यांच्या घरी. त्या घरात ताट वाढणारी होती अबू तालिब यांची बायको, फातिमा बिंत असद. म्हणजे चाचीच. ती वारली तेव्हा पैगंबरांनी स्वतःचा कुर्ता तिच्या कफनासाठी दिला, असं सांगतात. ती रोज काय वाढायची, ते कुठे लिहिलेलं नाही. कुर्ता लक्षात राहिला.

सूरह सोडू नकोस. जीभ अडकली तर थांब, श्वास घे, पुढची आयत म्हण. आणि शाळा उघडायच्या आत त्याच्या पायाचं माप घे. जुने बूट बहुतेक त्याला लागत असतील, तो सांगणार नाही.