वाचून दाखवू नकोस

तुझं पत्र आणि नुकतंच वाचायला लागलेल्या मुलांसाठीच्या गोष्टीचं हस्तलिखित, दोन्ही वाचलं. जोडाक्षरं काढायला लावल्यावर गोष्टीतला जीवच गेला, असं तू लिहितेस. जीव गेलाय खरा, पण जोडाक्षरांपायी नव्हे.

‘कमल, नळ बघ’ यात काय घडतं? काही नाही. आणि ‘दार उघड. नको, दार उघडू नको!’ यात? इथेही एकसुद्धा जोडाक्षर नाही, पण दारामागे कोण आहे ते कळेपर्यंत पोर पुस्तक सोडणार नाही. अमेरिकन बाललेखक डॉ. स्यूस यांचं 1957 सालचं ‘द कॅट इन द हॅट’ अवघ्या 236 वेगवेगळ्या शब्दांत आहे. 1960 सालचं ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ तर फक्त 50. तेव्हा शब्द अपुरे पडतात ही तक्रार माझ्याकडे आणू नकोस.

खरी गोम वेगळीच आहे. तू लिहितेस ते मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी. तू वाचलंस की छानच वाटणार, कारण तू आवाज बदलतेस, नेमकी थांबतेस, डोळे मोठे करतेस. पुस्तक एकट्या मुलाच्या हाती गेलं की यातलं काही उरत नाही. म्हणून वाचून दाखवू नकोस. कागद मुलाकडे दे आणि तोंड मिटून बस.

मग दिसेल. ‘किती’मधली पहिली वेलांटी डोळ्यांना आधी भेटते, उच्चारात मात्र क आधी येतो. ‘सूर्य’ म्हणताना र आधी, पण रफार जाऊन बसतो य च्या डोक्यावर. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. नवा वाचक तिथे अडतो, ओळीच्या सुरुवातीला परत जातो आणि तोवर आधीचं वाक्य विसरलेला असतो. म्हणून वाक्य लहान. ओळ तोडायची ती बोलताना आपण थांबतो तिथेच. आणि अडलेला शब्द पुढच्या पानांवर पुन्हा भेटू दे, नव्या भानगडीत.

चित्रांचंही तेच. तुझ्या तिसऱ्या पानावर चित्रात मांजर कपाटावर, मजकुरातही ‘मांजर कपाटावर आहे’. मग मूल अक्षरांकडे बघेलच कशाला? चित्र बघून ठोकून देईल आणि तू टाळ्या वाजवशील. चित्रात नुसती शेपटी दाखव.

शेवटचं पान काढून टाक. मांजराला म्हणे खोटं बोलू नये हे कळतं! यावरूनच माझं एका प्रकाशकाशी बिनसलं होतं. शेवटी बोध घाला म्हणाले, मी घातला नाही, पुस्तक कित्येक वर्षं पडून राहिलं. मधल्या काळात जी मुलं मोठी झाली त्यांना ते मिळालंच नाही, ही बोच आहे. तरी आज पुन्हा तेच करीन. हट्टी म्हण हवं तर. सहा वर्षांच्या जिवाने अक्षर अक्षर लावत शेवटच्या ओळीपर्यंत यायचं आणि तिथे उपदेश? दुसरं पुस्तक तो कशाला उचलेल?

चिडलोय, कारण तुझे संवाद चांगले आहेत. तुझ्या वयात मला असे सुचत नव्हते.

पुढचा खर्डा आधी मला पाठवू नकोस. दोन-तीन मुलांपुढे ठेव. पुन्हा सांगतो, वाचून दाखवू नकोस. कुठे अडली, कुठे हसली, कुठलं पान न वाचताच उलटलं, ते पेन्सिलीने समासात लिही आणि तीच प्रत इकडे धाड. समास कोरा दिसला तर न वाचता परत करीन.