आजीचा बियांचा डबा आणि माझा कडू दुधी

सोन्या,

तुझा मेसेज रविवारीच वाचला, पण एवढं टाइप करायचं तर निवांतपणा हवा, आज उन्हामुळे बाहेर पडवत नाही म्हणून बसले. तू लिहिलंयस की नाशिकजवळच्या मखमलाबादच्या मळ्यातलं घरामागचं सगळं काढून ग्रो बॅग लावायच्या, ड्रिप करायचं, आणि आजी तो बियांचा डबा धरून बसलीय, ऐकतच नाही. ड्रिप कर की, कोण नाही म्हणतंय! आजोबा असते तर हसत हो म्हणाले असते, द्राक्षाला नळ्या अंथरल्या तेव्हा गावात त्यांचीच टिंगल झालेली. पण डब्याला हात लावू नकोस. निदान मी सांगते ते ऐकून घे, मग ठरव.

माझ्या आईकडे दुधीचं एक बी होतं, बुटका, फिकट हिरवा, साल इतकी पातळ की सोलायची गरज नाही. आई प्रत्येक दुधी चिरताना आधी टोकाची चकती काढून चाखायची, मग बाकीचा विळीवर घ्यायची. मला वाटायचं सवय आहे, काकडीचं टोक चोळतात तसं. आई गेल्यावर वेल मी लावायला लागले आणि एका वर्षी हौस आली की कुंपणाला तुंबा भोपळा लावू, वाळवून त्याचे दिवे करू. केले पण, छान झाले! पण तुंबा आणि आपला खायचा दुधी जात एकच, फुलं दोघांची पांढरी, संध्याकाळी उमलणारी, रात्री पतंग इकडून तिकडे फिरतात. त्या वर्षीचे दुधी गोडच होते, कारण फळाचा गर आईवेलीचाच असतो, बाहेरचं परागकण आत बियांत जाऊन बसतं. पुढच्या वर्षी त्याच बियांचे वेल आले आणि दुधी कडू जहर. मी न चाखता भाजी केली होती. रात्रभर घरातल्या तिघांना उलट्या. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाचं विषारी कडू द्रव्य असतं, त्याचा रस पिऊन माणसं दगावलीत, म्हणून कडू लागला की थुंकायचं आणि सगळा फेकायचा, शिजवून कडूपणा गेला असेल असं बिलकुल समजू नये. आईची ती चकती मला तेव्हा कळली. आणि जुनं बी मी वेगळं ठेवलेलंच नव्हतं, सगळंच पेरलं होतं, त्यामुळे ते बी माझ्याकडून गेलं ते गेलंच.

म्हणून सांगते, दुधीचं बी धरायचं तर दुपारी मादी कळी शोध, मागे बारीकसा दुधी असतो ती मादी, लांब काडीवरचा तो नर. दोन्ही कळ्यांना कागदाची पिशवी बांध. संध्याकाळी उमलल्या की नराच्या पाकळ्या काढून तो मादीवर हलकेच फिरव, परत पिशवी बांध, देठाला रंगीत दोरा. तो दुधी खायचा नाही, वेलीवरच वाळू द्यायचा, हलवला की आत बी खुळखुळलं पाहिजे. आणि त्याच वेलीचे दुसरे कोवळे दुधी चाखून बघ, ते गोड असतील तरच बी ठेव. हे सगळं जमेपर्यंत घेवडा, वाल, टोमॅटोपासून सुरुवात कर, ते बहुतेक स्वतःचं स्वतः फळतात, तिथे एवढी यातायात नाही. पाकिटावर एफ वन, म्हणजे संकरित, लिहिलेलं बी मात्र धरू नकोस, पुढच्या पिढीत काय निघेल काही नेम नाही.

साठवणीचं आजीलाच विचार. सावलीत वाळवायचं, गोवरीची राख चाळून त्यात कालवायचं, घट्ट झाकण. राखेने ओल पण जाते आणि भुंगा पण लागत नाही. मी आता काचेची बरणी वापरते पण राख तीच. तुला हे म्हातारपणाचे चाळे वाटत असतील तर शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आठव, देशी बी राखलं म्हणून २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली.

बाकी आजी सांगते ते सगळं मान असं मी म्हणत नाही हं. कोवळ्या फळाला बोट दाखवू नये म्हणतात, ते पिवळं पडून गळतं ते बोटाने नाही, फळधारणा नीट झाली नाही म्हणून किंवा फळमाशीने डंख मारला म्हणून. पण पोरं हात लावत नाहीत तेवढा फायदा आहे, राहू दे. पाळी आलेल्या बाईने वेलीजवळ जायचं नाही हे मात्र ताबडतोब बंद कर, आमच्या घरी मी लग्न होऊन आले त्याच वर्षी बंद केलं, वेल काही वाळला नाही.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, वेलींचे खड्डे, आळी झाली असतील तुमची, नसतील तर आता कर, दीड-दोन फूट रुंद, दोन पाट्या कुजलेलं शेणखत, मृग लागेपर्यंत तापू दे. मांडवाला द्राक्षाचे जुने अँगल आणि तार पडलेत ना मागे, तेच वापर. आणि शेजारी द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी गंधक मारतात म्हणून तू पण उरलेलं आणून वेलींवर मारू नकोस, उन्हात पानं करपतात.

आता खरं सांगते, एवढं का लिहिलं. तुझ्या आजीच्या डब्यात बुटक्या दुधीचं जे बी आहे ना, ते माझ्या आईने तिला दिलेलं. मला मागायला इतकी वर्षं लाज वाटली. बुधवारी मी नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारात असते, गाडगे महाराज पुलाच्या बाजूला, दहाच्या आत ये. चारच बिया आण, आणि आजीला विचारून आण.

तुझी,
काकू