पहिलीचा वर्ग मिळालाय? मग हे वाचाच

मॅडम, पहिली मिळाली हे लई चांगलं झालं, वाचनाचा पाया तिथंच पडतोय. एक करा, मुळाक्षरं क पासून ज्ञ पर्यंत ओळीनं घेऊ नका. क, म, ल, र, ब आणि काना एवढं घेतलं की काका, बाबा, माला, कमल असले शब्द पोरं स्वतः वाचायला लागतात आणि वाचता येतंय म्हटल्यावर पोरगं खुलतं बघा. अक्षराच्या आधी आवाजाचा खेळ घ्या, पन्हाळ्यातला पहिला आवाज कुठला, प नं अजून काय सुरू होतं, पाटीसुद्धा लागत नाही.

पहिली वेलांटी मात्र सावकाश. ती लिहिताना अक्षराच्या आधी येते पण आवाज नंतर, त्यामुळं 'किल्ला' वाचताना मूल तिथंच अडतं, तेव्हा रागवू नका, बोट क वर ठेवायला सांगा, 'क' म्हणू दे, मग 'कि'. रफारचं उलटं, 'सूर्य' मधला र य च्या डोक्यावर, पण म्हणायचा आधी.

धडा घडाघडा म्हणतात ते बऱ्याचदा पाठांतर असतं. 'लाकम', 'राबल' असं कायतरी बिनअर्थाचं फळ्यावर लिहा, लगेच कळतंय.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची मुलं येतात, गडहिंग्लजकडं काही घरात कन्नड बोलतात, त्यांच्या घरच्या शब्दाला चूक म्हणू नका प्लीज.

निपुण भारत, म्हणजे वाचन-लेखन आणि आकडेमोडीचा पाया पक्का करायची केंद्राची मोहीम, तिचं टार्गेट तिसरीपर्यंतचं आहे, पण तोवर थांबू नका, रोज दोन-तीन मुलांना जवळ बसवून ऐका आणि कोण कुठं अडलं ते वहीत लिहा, पुढच्या आठवड्याचं नियोजन त्यातूनच निघतं.