सुरीखालचं हृदय

प्रश्न : ताई, मी ऐरोलीत राहते, शाळेतून रिटायर होऊन तीन वर्षं झाली. मुलगी नोकरीसाठी शांघायला असते. मागच्या दिवाळीत तिनं एक फ्रेम आणली, लाल कागदावर काळ्या शाईत एकच मोठं अक्षर. म्हणाली, आई हे 'सोसणं' आहे बघ, खाली हृदय आणि त्याच्यावर टेकलेली सुरी. त्याच वर्षी यांचं डायलिसिस सुरू झालं होतं, मला एकदम रडूच फुटलं. तेव्हापासून ते देवघराशेजारी लावलंय, सकाळी जप झाला की पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसते, खरंच शांत वाटतं. मग वाशीला एक वर्कशॉप केलं, तिथले सर म्हणाले की प्रत्येक चिनी अक्षर म्हणजे ऋषींना ध्यानात दिसलेलं चित्र, 'जहाज'मध्ये बायबलातल्या नोहाच्या नौकेतली आठ माणसं आहेत, 'संकट'मध्ये धोका आणि संधी दोन्ही आहेत. भाचा म्हणतो, मावशी सगळ्या थापा. आणि सासूबाईंना परकं अक्षर देवाजवळ नकोच आहे. मी काय समजू?

उत्तर : बाई (तुम्ही शाळेतल्या, म्हणून बाईच म्हणते), तुमचं पत्र दोनतीनदा वाचलं, कारण मी चिनी शिकायला लागले तेव्हा पहिली दोन वर्षं मीही अशीच प्रत्येक अक्षरात चित्र शोधायचे, ठाण्याहून लोकलमध्ये बसलं की वही उघडायची आणि हे काय असेल ते काय असेल, डोकं नुसतं तेच.

आधी तुमच्या अक्षराचं सांगते. इ.स. 100 च्या सुमारास शू शेन नावाच्या पंडिताने चिनी अक्षरांचा मोठा कोश केला, 9,353 अक्षरांचा, आणि त्यात तो या अक्षराबद्दल साफ लिहितो की हृदय अर्थासाठी आणि वरची धार आवाजासाठी. म्हणजे 'धार' आणि 'सोसणं' हे दोन शब्द तिकडे जवळजवळ सारखेच ऐकू येतात, फक्त सूर वेगळा, म्हणून धारेचं अक्षर उसनं घेतलं. बहुतेक चिनी अक्षरं अशीच आहेत, एक तुकडा अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चाराकडे. वर्कशॉपमधल्या सरांचं 'प्रत्येक अक्षर म्हणजे चित्र' तिथंच कोसळतं.

पण भाच्याला लगेच फोन करू नका. चीनमध्येच म्हण आहे की 'सोसणं' या अक्षराच्या डोक्यावर सुरी असते, साधी घरातली माणसं ती म्हणतात आणि ते अक्षर तुमच्यासारखंच भिंतीवर लावतात. आवाजासाठी आणलेली धार, पण हृदयावर ठेवलेली ती लिहिताना रोज डोळ्यांना दिसणारच ना, आणि दिसली की टोचणारच. तुमच्या मुलीने काही मनचं सांगितलं नाही. शिवाय बौद्ध ग्रंथ संस्कृतातून चिनीत गेले तेव्हा 'क्षांती'साठी त्यांनी हेच अक्षर वापरलं. क्षांती म्हणजे क्षमा, सहनशीलता, आपलाच शब्द. सासूबाईंना हे जरूर सांगा, परकं वाटतंय त्याच्या पोटात आपलं माहेर आहे.

आपल्याकडे कीर्तनात ऐकतोच की, 'गु' म्हणजे अंधार आणि 'रु' म्हणजे तो घालवणारा, म्हणून गुरु. व्याकरणाच्या हिशोबाने गुरु म्हणजे जड, वजनदार, लघुच्या उलटा. म्हणून काय अंधार घालवणारा गुरु खोटा झाला का? मला तरी तसं वाटत नाही. शब्द कुठून आला हे एक आणि त्याने आपल्याला काय दिलं हे दुसरं, दोन्ही जपावं पण एकाची साक्ष दुसऱ्याला काढू नये, वर्कशॉपवाले नेमकं तेच करतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि ही चूक फक्त बाहेरच्यांची नाही हं. 'राजा' हे अक्षर म्हणजे तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी. शू शेन स्वतः सांगतो की तीन रेघा म्हणजे स्वर्ग, माणूस आणि पृथ्वी, आणि तिघांना जोडतो तो राजा. किती सुंदर! पुढे 1899 मध्ये लक्षात आलं की औषधाच्या दुकानांत 'ड्रॅगनची हाडं' म्हणून विकली जाणारी काही हाडं म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत, आणि त्यांवरचा राजा बघितला तर तो कुऱ्हाडीच्या पात्यासारखा दिसतो. शू शेनने ही हाडं कधी पाहिलीच नव्हती. मला दोन्ही राजे आवडतात, कुऱ्हाडवाला खरा उगम म्हणून आणि तीन रेघांचा त्या लोकांना राजा कसा हवा होता ते कळतं म्हणून.

जहाजाचं मात्र सोडून द्या. त्या अक्षराच्या उजव्या बाजूला 'आठ' आणि 'तोंड' दिसतात हे खरं, पण तोच तुकडा 'शिसं' या धातूच्या अक्षरात पण आहे, तिथं कुठली आठ माणसं बसवणार? तो आवाजाचा तुकडा आहे. संकटाचं पण तसंच, तो शब्द दोन अक्षरांचा आहे, त्यातल्या दुसऱ्या अक्षराचा अर्थ तिथं 'संधी' असा नसून 'गोष्ट वळण घेते तो नाजूक क्षण' असा आहे, आणि हेच अक्षर मोबाईल आणि विमान या शब्दांत यंत्र म्हणून येतं.

सासूबाईंसाठी अजून एक. आपल्याकडे कागदाला पाय लागला तर आपण पटकन हात लावून नमस्कार करतो, विद्या असते ती. चीनमध्येही लिहिलेला कागद कचऱ्यात टाकायचा नाही अशी चाल होती, असे कागद गोळा करून वेगळ्या भट्टीत मानाने जाळायचे, तैवानमध्ये तसे छोटे मनोरे अजून उभे आहेत. ज्या लोकांनी अक्षराला एवढं जपलं त्यांचं एक अक्षर देवघराशेजारी राहिलं तर देव रागावेल असं मला वाटत नाही, तरी त्यांचा जीव राहत नसेल तर हॉलच्या भिंतीवर लावा, घरातलं माणूस आधी.

आणि नुसतं बघू नका, लिहा. सात फटकारे आहेत. बीजिंगच्या बागांत म्हातारी माणसं मोठा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहितात, उन्हाने ती वाळून जातात, मग पुन्हा लिहितात. तुम्ही गॅलरीच्या लादीवर लिहा. आधी धारेचे तीन फटकारे, शेवटचा एक ठिपका, मग हृदयाचे चार, डावीकडचा ठिपका, मग खालून वळत जाणारी रेघ, मग दोन ठिपके. ती वळणारी रेघ घाईत येतच नाही, श्वास सोडत हळू ओढावी लागते, आणि शेवटचा ठिपका पडेपर्यंत वरची सुरी वाळायला लागलेली असते. यांनाही शेजारी खुर्ची टाकून बसवा.

प्रश्न : मी कोपरखैरणेला राहतो, वय 22. मनगटावर चिनीत 'ओम' टॅटू करायचाय. टॅटूवाल्याकडे एबीसीचा चार्ट आहे, ओ चं एक अक्षर, एम चं एक. करू का?

उत्तर : त्या चार्टवरून अजिबात नको रे, चिनीत एबीसी नसतेच, तो चार्ट कुणीतरी मनाने बनवलेला असतो. ओमसाठी चिनीत खरंच एक अक्षर आहे, उच्चार साधारण 'आन्', आणि त्याच्या डावीकडे तोंडाची छोटी चौकट असते. 'ओम मणिपद्मे हुम' हा बौद्ध मंत्र लिहितात त्या सहाच्या सहा अक्षरांना ही चौकट आहे. मंत्रात अशी चौकट असली की समजायचं, इथं अर्थ शोधायचा नाही, फक्त आवाज काढायचा. आपला मंत्र त्यांनी उच्चारासकट जपायचा प्रयत्न केला, हे मला फार मोठं वाटतं. तेव्हा करायचाच असेल तर चिनी येणाऱ्या माणसाकडून कागदावर लिहून घे आणि सुई लागायच्या आधी चौकट डावीकडेच आहे ना ते बघ, टॅटूवाले कधीकधी फोटो उलटा लावतात.