उभी बाटली, आडवी बाटली : मतदानाचा खर्च अर्जदार बायकांच्या माथी?

प्रश्न : आमच्या गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान आहे. बचत गटाच्या बायकांनी सह्या गोळा करून ते बंद करण्यासाठी मतदानाची मागणी केली. गावात महिला मतदार ११४०, आमच्या सह्या ३४२. पडताळणीला अधिकारी बुधवारी सकाळी अकराला चावडीत येऊन बसले. तेव्हा निम्म्या बायका रानात खुरपणीला होत्या. २२८ जणींनीच समोर जाऊन आपली सही ओळखली. ‘पंचवीस टक्के भरत नाहीत’ असं तोंडी सांगून साहेब निघून गेले. आता गावातले एक पुढारी म्हणतात, पुन्हा अर्ज केलात तर पडताळणीचा आणि मतदानाचा खर्च तुमच्याकडून वसूल होईल. दुकानदारानेही वकिलामार्फत बदनामीची नोटीस पाठवली आहे. शिवाय ‘उभ्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान उठतं’ असं कुणीतरी म्हाताऱ्या बायकांना सांगत फिरतंय. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, आधी खर्चाची भीती मनातून काढून टाका. २५ मार्च २००८ च्या शासन आदेशाने गावाला हा अधिकार दिला आहे. महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी किमान २५ टक्के जणांनी मागणी केली, सह्या खऱ्या ठरल्या, की गुप्त मतदान घ्यायचं ही प्रशासनाची जबाबदारी. त्याचा खर्च अर्जदारांकडून घ्यावा असं त्यात कुठेही नाही, आणि कायद्यात तरतूद नसताना सरकार तुमच्याकडून एक रुपयाही वसूल करू शकत नाही. कुणी पुन्हा ही भाषा केली तर ‘कोणत्या तरतुदीखाली, ते लेखी द्या’ एवढंच म्हणा.

पैसा लागतो हे मात्र खरं. मतपत्रिका छापायच्या, पेट्या आणायच्या, कर्मचारी नेमायचे, पोलीस बंदोबस्त ठेवायचा, त्याआधी सह्या तपासायच्या. पण त्या दुकानाच्या परवाना शुल्कातून आणि दारूवरच्या उत्पादन शुल्कातून सरकारी तिजोरीत पैसा येतच असतो. येताना कुणी हिशेब विचारत नाही आणि बायकांनी मत मागितलं की तो निघतो, हे मला तरी पटत नाही. त्यातून सह्या तपासणारं खातं तेच, जे परवाने सांभाळतं आणि महसूल गोळा करतं. असो.

पडताळणी नकोच, असं मात्र मी म्हणणार नाही. दुकानदाराचा धंदा त्यावर अवलंबून असतो. सह्यांच्या मागे जुनं वैर असू शकतं, क्वचित शेजारच्या गावातला दुसरा परवानाधारकही असू शकतो. तपासणी नीट झालेली असेल तर उद्या दुकानदार कोर्टात गेला तरी तुमचं मतदान टिकतं. माझा आक्षेप तपासणीच्या पद्धतीवर आहे. अधिकाऱ्यांनी घरोघरी न जाता चावडीत बसून आपला वेळ आणि गाडीचं डिझेल वाचवलं. तो खर्च कुठे नाहीसा झाला नाही. ज्या आल्या त्यांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली आणि ज्या येऊ शकल्या नाहीत त्यांची सही बुडाली.

तुम्हाला २८५ सह्या पुरेशा होत्या. म्हणजे फक्त ५७ कमी पडल्या, आणि त्या खोट्या ठरल्या म्हणून नव्हे तर बायका हजर नव्हत्या म्हणून. गैरहजर राहणं म्हणजे सही नाकारणं नव्हे, हा तुमचा मुख्य मुद्दा. तोंडी नकाराला किंमत देऊ नका. राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांना पत्र द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. त्यात मागा : अर्जावरचा सकारण लेखी निर्णय, उरलेल्या ११४ जणींची संध्याकाळी किंवा घरोघरी फेरपडताळणी, आणि तिची दवंडी किमान चार दिवस आधी. दोन्ही पत्रांवर पोच घ्या. त्याच आठवड्यात दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि पडताळणीचा अहवाल, हजेरीची यादी, पंचनामा मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. एवढं करूनही निर्णय झाला नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिका, म्हणजे प्रशासनाला आदेश द्यावा अशी मागणी, करता येते. तुमचा जिल्हा आता त्याच न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचतील. ही पत्रं मात्र तेव्हा हाताशी हवीत.

एक गोष्ट स्पष्ट विचारते. जावेची, सासूची सही घरातल्या दुसरीने केली असं कुठे झालंय का? झालं असेल तर ती नावं स्वतःहून वगळा. आपुलकीने केलेली असली तरी ती खोटी सहीच ठरते, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ पर्यंत प्रकरण जाऊ शकतं. अशी एक सही सापडली की दुकानदाराचा वकील उरलेल्या सगळ्यांवर बोट ठेवतो. अंगठा असेल तिथे शेजारी साक्षीदाराचं नाव लिहा, प्रत्येकीपुढे मतदार यादीतला अनुक्रमांक टाका.

नोटिशीला घाबरू नका, पण उत्तर द्या. अधिकार असलेल्या अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. त्याच न्याय संहितेतल्या बदनामीच्या कलम ३५६ च्या अपवादांत ते आहे. फक्त अर्जाबाहेर, पत्रकात किंवा व्हॉट्सॲपवर, दुकानदाराच्या घरादाराबद्दल एक शब्दही लिहू नका.

आता मतपत्रिका. वाचता न येणाऱ्या बाईलाही मत देता यावं म्हणून चित्रं असणं योग्यच आहे. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. मतपत्रिका प्रशासन ठरवतं, तुम्ही बदलू शकत नाही. पण नमुना मतपत्रिका अर्थासकट आठ दिवस आधी चावडीत, अंगणवाडीत आणि मतदान केंद्राच्या दारात लावा, अशी तहसीलदारांकडे लेखी मागणी करा. उलटा अर्थ सांगत फिरणाऱ्याची तक्रारही त्याच पत्रात, तारीख आणि ठिकाणासह. गटातल्या मुलींना हाताने काढलेलं चित्र घेऊन घरोघरी पाठवा.

खरी अडचण वेगळीच आहे. निम्म्याहून जास्त मतं लागतात ती यादीतल्या एकूण महिलांच्या, आलेल्यांच्या नव्हे. तुम्हाला ५७१ हव्यात. समजा ७०० जणी आल्या आणि ५६० जणींनी आडवी केली, म्हणजे ऐंशी टक्के, तरीही दुकान चालूच राहतं. घरी बसलेली प्रत्येक बाई, लग्न होऊन गेलेली पण नाव तसंच राहिलेली लेक, यादीत अजून जिवंत असलेली आजी, या सगळ्या नकळत उभ्या बाटलीच्या बाजूला मोजल्या जातात. म्हणून आधी यादी घेऊन बसा. मयत आणि स्थलांतरित नावांसाठी नमुना ७, म्हणजे यादीतून नाव वगळण्याचा अर्ज, भरून द्या. तुमच्या भागातल्या बायका ऊसतोडीला जात असतील तर मतदान टोळ्या निघायच्या आत किंवा परत आल्यावरच हवं, हे कारणासह लिहा. टोळ्या बाहेर असताना तारीख लागली तर हरलात म्हणून समजा.

२००८ च्या त्या आदेशात नंतर बदल झाले आहेत, तेव्हा नवा अर्ज लिहिण्याआधी अधीक्षक कार्यालयातून त्याची अद्ययावत प्रत मागून घ्या. आणि गावात चोरून विकली जाणारी हातभट्टी या मतदानात येत नाही. त्यासाठी पोलीस ठाण्यात स्वतंत्र तक्रार द्या, त्याच अर्जात घुसडू नका.